दोन फुटांचे दार : जपानी चहाविधीतील आसन आणि पाहुणा

जपानी चहागृहात पाहुण्याने शिरावयाचे दार उंचीने सामान्यतः ६५ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक असते. पाहुणा कितीही थोर असो, त्याने त्या दारापुढे वाकावे, गुडघे टेकावे आणि हातांच्या आधाराने सरकत आत जावे, अशी रीत आहे. ह्या दाराविषयी लिहिणारे बहुतेक लेखक त्यात समतेचा एक धडा पाहतात, आणि तो तेथे नाही असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याला चालता येत नाही, जो चाकांच्या खुर्चीवर बसून ह्या दारापर्यंत येतो, त्याला ते दार काय सांगते? सर्वांना एका पातळीवर आणणारे दार नेमक्या त्याच पाहुण्याला बाहेर ठेवते.

अशा पाहुण्याला माच्चा व जपानी मिठाई यांचा आस्वाद घेता यावा, अशी व्यवस्था असलेली चहागृहे आज जपानात आहेत. तेथे मेज असते, खुर्च्या असतात, दार सपाट व रुंद असते. ही सोय स्तुत्य खरी. परंतु तिला चहाविधी म्हणावे काय, अशी शंका कोणाही अभ्यासकाच्या मनात येईल. परंपरेने घालून दिलेले आसन व दार हीच जर सोडली, तर उरते ते केवळ उपाहारगृह, असा तिचा आशय. प्रस्तुत लेखात ही शंका इतिहासाच्या साक्षीने तपासावयाची आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे ह्या साक्षीत शब्दांची साक्ष थोडी अधिक आली आहे.

१

प्रथम वस्तूचा परिचय. चहा जपानात नवव्या शतकातच पोहोचला होता. परंतु त्याचा पुढील इतिहास घडला तो एइसाई (११४१–१२१५) ह्या झेन भिक्षूमुळे. तो ११९१ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याने चहाचे बी बरोबर आणले, आणि १२११ मध्ये चहाच्या आरोग्यदायी गुणांवर एक ग्रंथ लिहिला. त्या वेळी चीनमध्ये चहाची पूड गरम पाण्यात घुसळून पिण्याची पद्धत होती. पुढे चीनने ती सोडली, जपानने राखली. माच्चा ह्या शब्दाचा अर्थ दळलेला चहा एवढाच आहे. काढणीपूर्वी काही आठवडे रोपांवर सावली धरतात, खुडलेली पाने वाफवून वाळवितात, शिरा व देठ वेगळे काढतात आणि उरलेला भाग दगडी जात्यावर दळतात. सौम्य प्रकारच्या चहासाठी एका पेल्यास सुमारे दोन ग्रॅम पूड पुरते. शब्दातील 'चा' आपल्या परिचयाचा आहे. मराठीतील चहा, फारसीतील चाय आणि पोर्तुगीजांच्या तोंडचा 'शा' हे सर्व एकाच चिनी मुळाचे वंशज होत.

हा चहा कडसर असतो म्हणून त्याच्या आधी गोड पदार्थ खावयाचा. आज आपण ज्याला वागाशी म्हणतो ती मिठाई प्रामुख्याने अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे पुरण, तांदळाचे पीठ व साखर यांची असते. दाट चहाबरोबर ओली मिठाई व पातळ चहाबरोबर सुकी, असा संकेत आहे. आणि ऋतूला अनुसरून तिला एखादे काव्यमय नावही दिलेले असते. तथापि सेन नो रिक्यूच्या (१५२२–१५९१) काळी ह्यातील फारच थोडे अस्तित्वात होते. त्याच्या बैठकींच्या टिपणांत गव्हाच्या पातळ पोळीला मिसो लावून केलेली गुंडाळी आढळते, चेस्टनटसारखी फळे आढळतात. साखर दुर्मिळ होती. पोर्तुगीजांनी आणलेली साखरेची खडी, जिला जपानीत 'कोम्पेइतो' हे पोर्तुगीज शब्दावरूनच नाव पडले, ती लुईस फ्रोइस ह्या येशूसंघी पाद्रीने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा ह्या सत्ताधीशाला काचेच्या पात्रातून नजर केली. सत्ताधीशाला नजर करावी इतकी ती अपूर्वाईची वस्तू होती. पुढे नागासाकीच्या बंदरातून डच व चिनी जहाजांची साखर येऊ लागली, तेव्हा क्योतोच्या हलवायांची कला बहरली. 'वागाशी' हा शब्द तर त्याहून अर्वाचीन आहे. 'वा' म्हणजे जपानी. पाश्चात्त्य मिठाई आल्यानंतर जुन्या मिठाईला हे विशेषण लावावे लागले, जसे आपल्याकडे विलायती माल आल्यावर घरच्या वस्तूला 'देशी' म्हणावे लागले.

ह्या तपशिलाचे प्रयोजन एवढेच की, चहाविधीचे एक प्रमुख अंग मूळ प्रवर्तकानंतर जवळजवळ संपूर्ण पालटले, आणि तरीही ते परंपरेबाहेरचे आहे असे कोणी म्हटले नाही. आसनाविषयी विचार करताना हे लक्षात ठेवावयाचे आहे.

२

आता दाराकडे वळू. ह्या लहान दाराचे नाव 'निजिरीगुची'. 'गुची' म्हणजे तोंड अथवा द्वार. 'निजिरु' म्हणजे गुडघ्यांवर सरकत जाणे. क्योतोजवळील यामाझाकी येथे म्योकी-आन ह्या मंदिरात 'ताइआन' नावाची दोन चटयांची एक खोली आहे. ती १५८२ च्या सुमारास रिक्यूने रचली असे मानतात, आणि उपलब्ध चहागृहांत असे दार असलेले हे सर्वांत जुने समजले जाते. योदो नदीवरील होड्यांच्या लहान दारातून लोक वाकून आत जाताना पाहून रिक्यूला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. दाराच्या आधी अंगणात हात धुण्याचे दगडी पात्र असते. त्याचे नाव 'त्सुकुबाई'. तेही 'उकिडवे बसणे' ह्या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. म्हणजे पाहुणा आधी उकिडवा बसतो, मग गुडघ्यांवर सरकतो. वास्तूच्या ह्या दोन भागांना जी नावे मिळाली, ती आकारावरून किंवा उपयोगावरून मिळालेली नाहीत. पाहुण्याच्या शरीराला ज्या अवस्थेतून जावे लागते तिच्यावरून मिळाली आहेत.

सामुराईला ह्या दारातून तलवारीसह जाता येत नसे; ती बाहेर ठेवावी लागे. व्यापारी, भिक्षू व योद्धा आत एकाच पातळीवर बसत. परदेशी निरीक्षकांनाही ह्या गोष्टीचे महत्त्व उमगले होते. जपानी भाषेचे व्याकरण लिहिणारा झुआंव रोद्रिगिश ह्याने आपल्या जपानविषयक इतिहासात चहाला विस्तृत स्थान दिले असून वाकून शिरण्याच्या ह्या लहान दाराचाही उल्लेख केला आहे. जपानमधील येशूसंघाचे कार्य त्या काळी गोव्याच्या अधिकाराखाली चाले. गोव्याहून १५७९ मध्ये जपानात गेलेल्या आलेस्सांद्रो वालिन्यानो ह्याने तर संघाच्या जपानी घरांत पाहुण्यांसाठी चहाची स्वतंत्र जागा असावी, असा दंडकच घालून दिला. जो यजमान आपल्या रीतीहून वेगळ्या पाहुण्यासाठी घर बदलतो, त्याचे हे एक जुने उदाहरण होय, आणि ते उलट्या दिशेचे आहे. येथे परकीय पाद्री जपानी पाहुण्यासाठी आपले घर बदलीत होते.

परंतु समतेच्या ह्या कथेला एक पुरवणी जोडावयास हवी. अनेक चहागृहांना आणखी एक दार असते. त्याचे नाव 'किनिन्गुची', म्हणजे थोरांचे द्वार. हे कागदी पडद्याचे, उंच असते आणि त्यातून ताठ उभ्याने आत जाता येते. उच्च पदस्थ पाहुण्याला गुडघ्यांवर सरकावयास लावू नये, म्हणून ते ठेवीत. तात्पर्य, लहान दार सर्वांसाठी सारखे होते हे अर्धेच सत्य आहे. ज्याच्यासाठी दार मोठे करणे यजमानाला आवश्यक वाटले, त्याच्यासाठी ते मोठे केले गेले. आणि मोठ्या दाराने चहाविधी बिघडतो, अशी तक्रार त्या वेळी कोणी केली नाही. प्रश्न दाराच्या मापाचा नव्हता. कोणत्या पाहुण्यासाठी माप बदलावयाचे, हा होता.

३

आसनाची कथाही अशीच आहे. पाय मुडपून टाचांवर बसण्याच्या पद्धतीला जपानीत 'सेइझा' म्हणतात. शब्दशः अर्थ, योग्य बैठक. एखाद्या आसनाचे नावच 'योग्य' असले की, इतर सर्व आसने आपोआप अयोग्य ठरतात. परंतु ह्या अर्थाने हा शब्द रूढ झाला तो मेइजी काळात (१८६८–१९१२) व त्यानंतर. रिक्यूच्या काळी मांडी घालून किंवा एक गुडघा उभा ठेवूनही लोक शिष्टपणे बसत. म्हणजे आज जे आसन चहाविधीचा प्राण समजले जाते, त्याला 'योग्य' ही पदवी प्रवर्तकाच्या मृत्यूनंतर सुमारे तीन शतकांनी मिळाली.

ह्याच संदर्भात १५८७ मधील एका घटनेचे स्मरण करावे. तोयोतोमी हिदेयोशीने क्योतोमधील कितानो येथे चहाचा एक महामेळावा भरविला. त्याच्या जाहीरनाम्यात सेवक, नगरवासी, शेतकरी अशा सर्वांना बोलावणे होते. प्रत्येकाने एक किटली, एक पोहरा व एक पेला आणावा. चहा नसल्यास भाजलेल्या धान्याचे पीठ चालेल. चटया नसल्यास साधे आच्छादनही चालेल, असे त्यात म्हटले होते. हिदेयोशीचा हेतू सत्ताप्रदर्शनाचा होता हे उघड आहे, आणि त्याच हिदेयोशीच्या आज्ञेने १५९१ मध्ये रिक्यूला आत्महत्या करावी लागली. परंतु जाहीरनाम्याची भाषा आपल्या कामाची आहे. चहाच्या बैठकीत कशावाचून चालेल, ह्याची ती यादीच आहे.

४

चहाविधीत खुर्ची अधिकृतपणे आली ती १८७२ मध्ये. त्या वर्षी क्योतोमध्ये मोठे प्रदर्शन भरले. राजधानी तोक्योला गेल्यामुळे ह्या जुन्या नगराला नवजीवन देण्याची ती खटपट होती, आणि प्रदर्शनाच्या निमित्ताने परदेशीयांना नगरप्रवेशाची खास अनुज्ञा मिळाली होती. ह्या पाहुण्यांना जमिनीवर बसता येत नसे. तेव्हा उरासेन्के घराण्याचा अकरावा प्रमुख गेंगेन्साई (१८१०–१८७७) ह्याने मेजावर शेगडी व किटली मांडून यजमान व पाहुणे दोघेही आसनांवर बसतील, असा चहाविधी रचला. त्याला 'ऱ्यूरेई' म्हणतात.

गेंगेन्साई हा परंपरेविषयी बेपर्वा मनुष्य नव्हता. त्याच सुमारास नव्या शासनाने चहाविधीची गणना करमणुकीच्या कलांत केली, तेव्हा त्याविरुद्ध चहामार्गाचे खरे स्वरूप सांगणारे निवेदन त्यानेच शासनाला सादर केले. जो माणूस चहाविधीला करमणूक म्हणू देत नाही, तोच त्यात खुर्ची आणतो. ह्या दोन कृतींत विसंगती नाही. त्याच्या दृष्टीने चहाविधीचे गांभीर्य गुडघ्यांवर अवलंबून नव्हते.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ऱ्यूरेई अपंगांसाठी रचली गेली नाही. ती धडधाकट परदेशीयांसाठी रचली गेली. त्या शब्दाची फोड पाहा : 'ऱ्यू' म्हणजे उभे राहणे, 'रेई' म्हणजे नमन. उभ्याने नमन करण्याची पद्धत, असा त्याचा अर्थ. म्हणजे ह्या उदार सुधारणेच्या नावातही पुन्हा एक शरीर गृहीत धरलेले आहेच. त्सुकुबाईत उकिडवे बसणारे, निजिरीगुचीत सरकणारे, सेइझात टाचांवर बसणारे, ऱ्यूरेईत उभे राहणारे. चहाच्या परिभाषेत ह्या सर्वांना जागा आहे. जो ह्यांपैकी काहीच करू शकत नाही, त्याच्यासाठी शब्द नाही. आजचे श्रेय १८७२ ला देऊन टाकणे म्हणूनच अनैतिहासिक होईल. गेंगेन्साईने मेज दिले. त्या मेजाशी चाकांची खुर्ची येऊन थांबावी, ह्यासाठी आणखी एक शतक व निराळीच माणसे लागली.

५

ती माणसे चहागुरू नव्हती. चाकांच्या खुर्चीला जपानीत 'कुरुमाइसु' म्हणतात. 'कुरुमा' म्हणजे चाक अथवा गाडी आणि 'इसु' म्हणजे खुर्ची. १९६४ मध्ये तोक्योला पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या, तेव्हा कुरुमाइसुवर वावरणारी माणसे जपानी समाजाने प्रथमच एवढ्या संख्येने उघडपणे पाहिली. १९७३ मध्ये सेन्दाई येथे कुरुमाइसु वापरणाऱ्या नागरिकांची राष्ट्रीय सभा भरली. १९७७ मध्ये कावासाकी स्थानकासमोर सेरेब्रल पाल्सी असलेल्या लोकांच्या 'आओई शिबा नो काई' ह्या संघटनेच्या सभासदांनी बसगाड्यांत शिरून ठाण मांडले. कारण सोबत मदतनीस नसेल तर त्यांना गाडीत घेण्यास नकार मिळत असे. त्या वेळच्या वृत्तपत्रवाचकांना हे वर्तन असभ्य वाटले असल्यास नवल नाही. परंतु दार रुंद झाले ते ह्या वर्तनानंतर, हे इतिहासाला नोंदवावेच लागते. सार्वजनिक इमारतींविषयीचा कायदा १९९४ मध्ये आला, वाहतुकीविषयीचा २००० मध्ये, आणि २००६ मध्ये दोन्ही एकत्र करण्यात आले. अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये संमत होऊन २०१६ पासून अमलात आला. त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून खाजगी व्यावसायिकांवरही, भार अवाजवी होत नसेल तोवर, अशा ग्राहकाची सोय करण्याचे बंधन आले. चहा विकणारे गृह त्याला अपवाद नाही.

ह्या कायद्यातील मध्यवर्ती संज्ञा 'गोरितेकी हाइऱ्यो' अशी आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ वाजवी. दुसऱ्याचा, लक्ष पुरविणे, दुसऱ्याची काळजी वाहणे. 'हाइऱ्यो' हा सौजन्याच्या व्यवहारातील शब्द आहे आणि तेथेच वादाचे मूळ आहे. जे हक्काने मिळावयाचे ते कृपेच्या भाषेत सांगितले गेले, असा आक्षेप जपानी टीकाकारांनी घेतला आहे. आक्षेप खरा आहे. परंतु चहाविधीच्या संदर्भात त्याला एक निराळी बाजू दिसते. चहाच्या यजमानाला पाहुण्याकडे लक्ष पुरविणे हे ऐच्छिक नसते. पाण्याची उष्णता, पेल्याची दर्शनी बाजू, ऋतूला साजेशी मिठाई, ह्या साऱ्यांत तो पाहुण्याचाच विचार करीत असतो, आणि तो न केल्यास विधी चुकला असे मानतात. आपल्या भाषेतही 'पाहुण्याची सोय लावणे' हा उपकार समजला जात नाही. ते यजमानाचे कर्तव्य असते, आणि सोय न झाल्यास उणेपणा यजमानाला येतो. कायद्याने हक्क म्हणून जे मागितले, ते चहाविधीने कर्तव्य म्हणून आधीच स्वीकारलेले होते. उणीव होती ती ह्या पाहुण्याला पाहुणा म्हणून ओळखण्याची.

६

आज प्रत्यक्षात काय घडते? रिक्यूचे जन्मगाव साकाई. तेथे २०१५ मध्ये नगरपालिकेने रिक्यू व कवयित्री योसानो आकिको यांच्या स्मरणार्थ एक वास्तू उघडली. तिच्यात ताइआनची प्रतिकृती आहे; आणि त्याच वास्तूत रिक्यूच्या वंशजांच्या तिन्ही सेन घराण्यांचे चहाशिक्षक ऱ्यूरेई पद्धतीने माच्चा व ऋतूची मिठाई देतात. दोन फुटांचे दार व मेजखुर्ची एकाच छपराखाली, त्याच परंपरेच्या अनुयायांनी ठेवली आहेत. ह्याहून बोलका पुरावा शोधूनही सापडणार नाही.

चाकांच्या खुर्चीसाठी करावे लागणारे बदल मोजकेच आहेत. वाटेत उंबरठा नको. मेजाखाली गुडघे मावले पाहिजेत. जमीन फळ्यांची हवी, अथवा चटईवर आच्छादन हवे. जपानी घरात बाहेरचे जोडे आत येत नाहीत. मग चाकाला काय समजावे, जोडा की पाय? व्यवहाराने ह्याचे उत्तर साधेपणाने दिले आहे. चाके पुसतात, किंवा त्यांवर वेष्टण घालतात, आणि पाहुणा आत येतो. पुढचा क्रम तोच राहतो. आधी मिठाई, मग घुसळलेला चहा, पेला तळहातावर घेऊन किंचित फिरवून, त्याची दर्शनी बाजू टाळून पिणे, आणि शेवटी पेला न्याहाळणे.

ह्यात काही गमावले जात नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. चहागृहातील कोनाडा, त्यातील चित्रपट व फूल, खिडक्यांची उंची, हे सर्व जमिनीवर बसलेल्याच्या दृष्टिरेषेला अनुसरून योजलेले असते. खुर्चीवरून ते निराळे दिसते. दोन चटयांच्या खोलीतील काळोख व जवळीक मेजाभोवती येत नाही. ताइआन ही राष्ट्रीय ठेव आहे. तिचे दार कोणी मोठे करू नये. पण मूळ ताइआनमध्ये आज धडधाकट दर्शकालाही प्रवेश नाही. तो बाहेरूनच आत डोकावतो. वास्तूचे जतन व विधीचे जतन ह्या भिन्न गोष्टी आहेत. वास्तू जशीच्या तशी राखावी लागते. विधी जिवंत राहतो तो केल्याने, आणि करावयाचा म्हणजे पाहुणा आत आला पाहिजे.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येतो. 'सेइझा' ह्या शब्दात 'झा' हे जे पद आहे, त्याचा अर्थ आसन, बैठक. तेच पद रिक्यूचा शिष्य यामानोउए सोजी ह्याच्या १५८८ च्या सुमाराच्या टिपणातील 'इचिझा' ह्या शब्दात आहे. तेथे त्याचा अर्थ एक बैठक. यजमान व पाहुणे यांनी मिळून उभारावयाची, त्या एका भेटीपुरती सिद्ध होणारी बैठक. मराठीतील 'बैठक' शब्दालाही हे दोन्ही अर्थ आहेत : बसण्याची ढब, आणि जमलेल्या माणसांचा मेळ. सेइझात पहिला अर्थ आहे, इचिझात दुसरा. पहिला चहाच्या परंपरेला उशिरा चिकटला. दुसरा तिच्या मुळाशी आहे. माणूस कसा बसला आहे ह्यावरून बैठक ठरवावयाची की तो बैठकीत आहे की नाही ह्यावरून, एवढाच हा वाद आहे. आणि इतिहासाचा कौल कोणत्या बाजूला आहे, हे वर दाखविले आहे. चाकांच्या खुर्चीवरील पाहुणा मेजाशी येतो, मिठाई उचलतो, पेला दोन्ही हातांत धरतो. त्या क्षणी बैठक पूर्ण होते. तो बाहेर असेपर्यंत ती अपुरीच होती.